म्हाताऱ्या रायफलीला हलका बार का देतात

दरवर्षी नोव्हेंबर आला की २६/११ च्या आठवणी निघतात, आणि त्या रात्री सीएसटी स्टेशनवर आपल्या पोलिसांच्या हातात जुनी थ्री नॉट थ्री रायफल होती, एके-४७ समोर ती काय करणार, ही चर्चा हमखास होते. मागच्या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर हेच चाललं होतं तेव्हा मी माझ्या थ्री नॉट थ्रीचा फोटो टाकला, इथे ओहायोत रेंजवर काढलेला. मग प्रश्नच प्रश्न. एवढी जुनी बंदूक उडवतोस, फुटली तर? गोळ्या कुठून आणतोस? काकू म्हणाल्या बाबा रे डोळे सांभाळ. आणि खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत ज्यांची उभी नोकरी गेली त्या माझ्या मामांनी एकच विचारलं, "फुल बार मारतोस का रे तिला?"

मामांचा प्रश्न सगळ्यात बरोबर होता. उत्तर आहे, नाही मारत. मी तिला हलका बार देतो, म्हणजे दारू कमी, गोळी शिशाची, आणि काडतूस स्वतः घरी भरलेलं. हे ऐकून बहुतेकांना वाटतं की मग झालं, दारू कमी म्हणजे धोका कमी. तसं नाहीये, आणि ते का नाही हे सांगायलाच हा लेख लिहितोय.

काडतुसात असतं काय

चार गोष्टी. पितळेची केस, तिच्या बुडाला छोटी टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, टोपीतून ठिणगी दारूत जाते, दारूचा गॅस होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. केसचं पितळ त्या वेळी फुगून नळीच्या मागच्या भागाला घट्ट चिकटतं म्हणून गॅस मागे तोंडावर येत नाही. बार झाला की गोळी गेली, दारू जळाली, टोपी वापरली गेली, पण पितळेची केस शाबूत राहते. जुनी टोपी काढायची, केस दाबून परत मापात आणायची, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. घरी काडतूस भरणं म्हणजे एवढंच, अमेरिकेत हजारो लोक गॅरेजमध्ये करतात आणि त्यासाठी लागणारं सगळं दुकानात मिळतं.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या भाषेत जवळजवळ अर्धी गुंज. गुंजेचा दाणा ज्यांनी हातात घेतलाय त्यांना कळेल की इथे किती बारीक हिशोब चालतो.

सुतळी बॉम्ब आणि चुलीतला भुसा

दारू दोन प्रकारची, काळी आणि बिनधुराची. काळी म्हणजे शिवकाळापासून आपल्याला माहीत असलेली, सोरा, गंधक आणि कोळसा. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या केमिस्टने केली, आणि दोन वर्षांत तिच्यावर चालणारी लेबेल रायफल फ्रेंच सैन्याच्या हातात आली. ब्रिटिशांच्या थ्री नॉट थ्रीची गंमत अशी की १८८८ मध्ये ती आली तेव्हा तिच्या काडतुसात काळी दारूच होती, सुमारे ७० ग्रेन, दाबून बसवलेली. पुढे तीन-चार वर्षांत कॉर्डाइट आलं, म्हणजे शेवयांसारख्या काड्या असलेली बिनधुराची दारू, आणि त्याच केसमध्ये जेमतेम ३१ ग्रेनमध्ये आधीपेक्षा जास्त वेग मिळायला लागला. नंतर हेच कॉर्डाइट आपल्याकडे निलगिरीत अरुवंकाडूच्या कारखान्यात बनायचं.

आता मुख्य मुद्दा. सुतळी बॉम्बमधली दारू कागदावर ओतून पेटवली तर फुस्स करून जळून जाते, आवाज होतो तो तिला सुतळीने घट्ट गुंडाळलेलं असतं म्हणून. बिनधुराच्या दारूचं हे फारच टोकाचं आहे, जेवढा दाब वाढतो तेवढी ती भराभर जळते, आणि जेवढी भराभर जळते तेवढा दाब वाढतो. म्हणून प्रत्येक दारूचा स्वतःचा वेग ठरवून बनवलेला असतो. काही झटकन जळणाऱ्या, चुलीत टाकलेल्या भुशासारख्या, पिस्तूल आणि छऱ्याच्या बंदुकीसाठी. काही संथ, बाभळीच्या ओंडक्यासारख्या, मोठ्या रायफलींसाठी. दिसायला मात्र सगळ्या जवळजवळ सारख्याच, करड्या-काळ्या कण्या नाहीतर चकत्या, आणि म्हणून बाटलीवरचं लेबल गेलं की ती दारू रायफलीत वापरायची नाही, फेकून द्यायची.

दाब किती असतो? गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ भरतो, त्याच मापात थ्री नॉट थ्रीच्या आत एका क्षणासाठी ४५,००० च्या पुढे जातो, आणि तोही डोळ्यांपासून वीतभर अंतरावर.

म्हातारीला काय झेपत नाही

माझी रायफल १९४४ ची, पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली, बाजूला मुकुट आणि जी आर आय अशी इंग्रज राजा जॉर्जची अक्षरं आहेत. अमेरिकन कायद्यात १८९८ किंवा त्याआधीची बंदूक अँटिक धरतात, त्या हिशोबाने माझी अँटिक नाही. पण रेंजवर माझ्या बाजूला उभे राहणारे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे १८७३ मॉडेलची स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर आहे, म्हणजे मागचं झाकण पेटीसारखं वर उघडून काडतूस टाकायचं, ती खरी अँटिक. काळजी दोन्हीला सारखीच.

जुन्या लोखंडाचं काय होतं ते बघा. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, जिथे अडकतो त्या खाचा हजारो बार झाले की झिजतात. लाकूड वाळून वाळून दस्त्याजवळ तडकतं, आणि ते मोडलं तर त्या जमान्याचं लाकूड परत मिळत नाही. नळीत आतून खड्डे पडलेले असतात. हे खड्डे बहुतेक वेळा गोळीने नाही तर टोपीने पाडलेले असतात, कारण जुन्या लष्करी टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं आणि ते जळल्यावर मिठासारखा क्षार मागे राहायचा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी कसं सुटतं, तसं तो क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि एका रात्रीत नळी गंजते. तेल लावून तो जात नाही कारण क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिपाई नळीत उकळतं पाणी ओतायचे, आणि जुनी लष्करी काडतुसं उडवली की मी पण आधी पाणीच ओततो, तेल नंतर.

अशा बंदुकीला प्रत्येक वेळी युद्धातलाच पूर्ण दाब द्यायची काही गरज नाही. तिच्याकडून ८०० यार्डावरचं काही मारायचं नाहीये, १०० यार्डावरच्या कागदाला भोक पाडायचंय.

ही आयडिया नवीन नाही, सैन्यानेच आधी केलेली आहे. त्या ट्रॅपडोअर रायफलीला ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी असायची, पण घोडदळाची आखूड आणि हलकी बंदूक त्या बारात फार जोरात मागे मारायची, म्हणून घोडदळासाठी ५५ ग्रेनचं वेगळं काडतूस काढलं. आपल्याकडे इशापूरने थ्री नॉट थ्रीच्या सांगाड्यावर .४१० बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) एकबारी मस्केट बनवली, पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी, जिचा बार फार लांब जात नाही. म्हणजे कामापुरताच बार हे तेव्हाच्या लोकांना नीट कळत होतं.

हलका बार बनतो कसा

थ्री नॉट थ्रीची लष्करी मार्क सेव्हन गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४४ मीटर. त्याच वजनाची गोळी ४५० मीटरने सोडली तर तिच्यातली ऊर्जा ३१०० ज्यूलवरून साडेअकराशेच्या आसपास येते, म्हणजे वेग चाळीस टक्के कमी केला की जोर जवळजवळ दोन तृतीयांश कमी होतो, आणि खांद्याला बसणारा धक्काही निम्म्याहून कमी होतो. माझी मुलगी कॉलेजात आहे, पूर्ण बाराला ती एकदा घाबरून मागे सरली होती, हलक्या बाराचे मात्र वीस-वीस राऊंड शांतपणे मारते.

वेग कमी असला की तांब्याच्या कवचाची गोळी लागत नाही, शिशाची चालते, आणि ती घरी साच्यात ओतता येते. नुसतं शिसं फार मऊ, नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचांना, चिकटत जातं, नवीन तव्याला धिरडं चिकटावं तसं, आणि मग ते खरवडत बसावं लागतं. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील घालतात. जुन्या छापखान्यात ओळी ओतायला जो लायनोटाइप धातू वापरायचे त्यात साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं, तो या कामाला फार चांगला, छापखाने बंद झाले तेव्हा लोकांनी तो पोत्याने घेऊन ठेवला. गोळीच्या बुडाला तांब्याची एक छोटी वाटी बसवतात, म्हणजे गरम गॅसने बूड वितळत नाही.

ओतीव गोळीचा अजून एक मोठा फायदा आहे जो मला फार उशिरा कळला. नाव थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ इंच, पण ते आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर झालं, खरी गोळी .३११ ची लागते आणि झिजलेल्या किंवा युद्धाच्या घाईत बनलेल्या नळीत त्याहूनही जाड लागते. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकत बाहेर काढायचा आणि मोजायचा, तो नळीचं खरं माप सांगतो, मग त्या मापाचा साचा घ्यायचा. दुकानातल्या गोळ्या वापरून पाहुण्यासारखी कुठेही जाणारी माझी रायफल नळीच्या मापाची गोळी दिल्यावर एकदम शहाणी झाली.

शिसं विषारी आहे हे मात्र धरून चाला. ओतकाम स्वयंपाकघरात कधीच नाही, उघड्या हवेत, भांडी वेगळी, नंतर साबणाने हात, आणि लहान मुलं जवळ नकोत.

"दारू कमी म्हणजे धोका कमी ना?"

सगळे इथेच चुकतात, त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, केस मोठी आणि दारू थोडीशी. हलक्या बारासाठी झटकन जळणारी दारू वापरतात आणि ती केसच्या तळाला जेमतेम दिसते. आता समजा भरताना फोन वाजला, परत आलात आणि त्याच केसमध्ये पुन्हा एक माप ओतलं. चहात दोनदा साखर पडली तर पहिल्या घोटाला कळतं, इथे काही कळत नाही कारण दुप्पट दारू पण केसमध्ये आरामात मावते, तिप्पट पण मावते. पूर्ण बाराची संथ दारू केस जवळजवळ भरूनच टाकते, तिथे दुप्पट ओतली तर बाहेर सांडते. म्हणजे या बाबतीत हलका बार पूर्ण बारापेक्षा जास्त धोक्याचा आहे, आणि जुन्या रायफली फुटल्याच्या गोष्टी ऐकल्या तर त्यात हा प्रकार पुन्हा पुन्हा निघतो. उपाय एकच, पन्नास केसेस फळीत उभ्या करायच्या, दारू ओतली की गोळी बसवायच्या आधी प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं, आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत.

दुसरी गोष्ट, दारू फारच कमी झाली तर गोळी नळीतच अडकते. आवाज फुसका येतो, धक्का लागत नाही, आणि घाईत कोणी दुसरा बार काढला तर पुढे रस्ताच बंद असतो, नळी फुगते किंवा फाटते. फुसका आवाज आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळीतून सळई घालून बघायचं, यात अपवाद नाही.

तिसरी गोष्ट ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. संथ दारू अर्धीमुर्धी भरली तर कधीकधी दाब कमी व्हायच्या ऐवजी भयंकर वाढतो. का, यावर जाणकारांत वाद आहे, पण एक स्पष्टीकरण असं देतात की आडव्या पडलेल्या केसमध्ये अर्धवट दारू पसरून पडते, टोपीची ठिणगी तिच्यावरून जाते, थोडी दारू पेटते, तेवढ्या जोराने गोळी जरा पुढे सरकून आट्यांत रुतून थांबते, आणि मग मागे राहिलेली दारू एकदम पेटते तेव्हा तिला समोर बूच लावलेली नळी मिळते. गाडी गिअरमध्ये अडकलेली आणि ॲक्सिलरेटर दाबलेला, असं काहीतरी. म्हणून पूर्ण बाराचं माप घेऊन आपल्या मनाने निम्मं करायचं, हे कधीच नाही.

मग मापं येतात कुठून? दारू बनवणाऱ्या कंपन्या आणि साचे बनवणाऱ्या कंपन्या छापील मॅन्युअल काढतात, प्रयोगशाळेत दाब मोजून. उदाहरणार्थ हॉजडन कंपनी त्यांच्या एच ४८९५ या एका दारूबद्दल सांगते की छापलेल्या कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायला हरकत नाही. ही सवलत त्या दारूपुरती आहे, शेजारच्या बाटलीला लावायची नाही. मी या लेखात माप मुद्दाम देत नाहीये, कारण माप हे मॅन्युअल समोर उघडं ठेवूनच घ्यायचं असतं, कोणाच्या लेखातून किंवा रेंजवरच्या ओळखीच्या माणसाकडून नाही.

काळ्या दारूचं गणित पुन्हा वेगळं. ती आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळीला आतून कडं पडतं, त्यामुळे काळी दारू कमी केली की राहिलेली जागा भरावी लागते. अमेरिकेत त्यासाठी काय वापरतात माहितीये, गव्हाचा रवा! क्रीम ऑफ व्हीट म्हणून नाश्त्याचं पाकीट मिळतं ते. ट्रॅपडोअरवाले आजोबा डब्यातून चमच्याने रवा काढून दारूवर घालतात आणि वरून गोळी दाबतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या घरचा शिऱ्याचा डबा आठवला.

"मग कुठलीही जुनी बंदूक हलक्या बाराने चालेल?"

नाही. हलका बार झिजलेल्या बंदुकीवर दया करतो, खराब लोखंड चांगलं करत नाही. याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेचीच १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला यातल्या काही रायफलींचे मागचे भाग चक्क काचेसारखे फुटले. चौकशीत निघालं की भट्टीत लोखंड किती तापलंय हे कारागीर नुसत्या रंगावरून डोळ्यांनी ठरवत होते, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी तोच लाल रंग फिका दिसतो म्हणून ते जास्त तापवत होते. लोखंड जळून ठिसूळ झालं. १९१८ मध्ये पद्धत बदलली, आणि आजही ८,००,००० च्या खालचा नंबर असलेली स्प्रिंगफील्ड आर्मरीची रायफल उडवू नका असंच सांगतात. काहीजण म्हणतात आम्ही हलका बार मारतो, काही होत नाही. पण वर जी दुप्पट मापाची चूक सांगितली ती ज्या दिवशी होईल त्या दिवशी चांगलं लोखंड कदाचित वाचवेल, हे वाचवणार नाही. माझ्या मते अशी बंदूक भिंतीवरच बरी.

म्हणून आधी जुन्या बंदुकांच्या जाणकार गनस्मिथकडे तपासणी, बोल्ट आणि केस यांच्यातली फट मोजून घेणं, आणि मगच बाकी सगळं.

"नेम तरी लागतो का?"

लागतो, आणि बऱ्याचदा पूर्ण बारापेक्षा चांगला. जुन्या लष्करी रायफलींची नेम धरायची माशी लांबच्या अंतरासाठी लावलेली असते, जर्मन माउझर ९८ ची सगळ्यात कमी अंतराची खूण तर पहिल्या महायुद्धात ४०० मीटरची होती, त्यामुळे १०० वर पूर्ण बार मारला तर गोळी वरून जाते. हलका बार खाली पडतो म्हणून तो कधीकधी बरोबर मध्यावर येतो. वाऱ्याने मात्र जास्त ढळतो.

"भारतात करता येईल का?"

सरळ उत्तर, नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि थ्री नॉट थ्री तर सामान्य माणसासाठी निषिद्ध बोअरमध्येच येते. आणि एक कळकळीची विनंती, गावाकडच्या वाड्यात माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली तर तिचा घोडा ओढून बघू नका. अशा बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात, पणजोबांनी ठासलेला बार तसाच आत असतो आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड कुणाकडे करू नका आणि पोलीस स्टेशनला कळवा.

"एवढं करण्यापेक्षा शोकेसमध्ये ठेव की"

हे माझी बायको पण म्हणते आणि तिचं चूक नाही. पण माझ्या रायफलीच्या दस्त्यावर आडव्या चार खाचा आहेत, कोणीतरी चाकूने केलेल्या, आणि गालाजवळचं लाकूड कुणाकुणाच्या घामाने काळं पडलंय. ती इशापूरहून निघाली, कुठे कुठे गेली आणि शेवटी भंगाराच्या भावात जहाजातून इथे आली. तिचा बोल्ट मागे ओढून पुढे ढकलताना जो सुळकन आवाज येतो तो काचेमागे ऐकू येत नाही. महिन्यातून एक शनिवार, वीस-तीस हलके बार, एवढं तिला सहज झेपतं आणि मला पुरतं.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की आमच्या खडकीची केस कधी मिळाली का तिथे. मिळाली होती, एका जत्रेसारख्या बाजारात जुन्या काडतुसांच्या डब्यात, बुडावर के आणि एफ. मामा म्हणाले मग तीच भर की. पण ती भरता येत नाही, कारण त्या लष्करी केसेस बर्डन पद्धतीच्या, टोपीखाली दोन बारीक भोकं आणि मध्ये उंचवटा, अमेरिकेत चालणाऱ्या बॉक्सर पद्धतीच्या केसला मधोमध एकच भोक असतं म्हणून तिची टोपी सुईने बाहेर ढकलता येते, हिची नाही. बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन, आणि दोघांच्या पद्धती बरोबर एकमेकांच्या देशात रुजल्या. "हो, दोन भोकं," मामा म्हणाले, "आठवतात." मी ती केस ब्रासोने घासून टेबलावर पेनच्या शेजारी उभी करून ठेवली आहे, दिवाळीत पुण्याला येताना त्यांच्यासाठी घेऊन यावी असं फार वाटतं, पण रिकामी असली तरी विमानात काडतुसाची केस आणायची नाही, म्हणून फक्त तिच्या बुडाचा फोटो मोठा करून पाठवला.